काडीमोड, सोडचिठ्ठी आणि फारकत : जव्हार-मोखाड्याच्या मुलखातील विवाहविच्छेदाच्या नोंदी



नवरा-बायकोचा संबंध तुटणे या एका घटनेला आपल्या भाषेत चार शब्द आहेत : काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत आणि घटस्फोट. आज आपण हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरतो. परंतु ते चार वेगवेगळ्या व्यवहारांतून आलेले आहेत, आणि ते व्यवहार नीट पाहिले म्हणजे आजचा आपला विषय अर्धाअधिक उलगडतो.

काडीमोड म्हणजे पंचांच्या देखत वाळलेली काडी मोडणे. मोडलेली काडी पुन्हा सांधत नाही, हे ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही समजते. येथे कागद नाही. साक्ष आहे ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांची. सोडचिठ्ठी म्हणजे नवऱ्याने बायकोच्या हाती दिलेला कागद. तो ज्याच्या हाती राहिला त्याचे भाग्य, आणि पावसाने भिजला किंवा वाळवीने खाल्ला तर त्याचे दुर्दैव. फारकत हा शब्द मूळचा हिशेबाच्या दप्तरातला. सावकाराने कुळाला 'आता तुमच्याकडे माझे काही येणे राहिले नाही' असे लिहून दिले की ती फारखती. कर्जातून सुटणे आणि लग्नातून सुटणे यांना एकच शब्द असावा, हा योगायोग नव्हे, हे पुढे दिसेलच. राहता राहिला घटस्फोट. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत हा विधी पतिताला जातीबाहेर टाकण्याचा होता. पाण्याचा घट उलथून तो माणूस मेला असे मानावयाचे. जातीबहिष्काराचा हा शब्द पुढे कायद्याच्या मराठीत विवाहविच्छेदासाठी रूढ झाला.

यांतल्या पहिल्या तीन शब्दांचा मुलूख आणि चौथ्या शब्दाचा मुलूख एकमेकांना कसे भेटले, आणि त्या भेटीत कोणाचे काय हरवले, हे आज जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांच्या आधाराने पाहावयाचे आहे.

हा डोंगराळ टापू जुन्या कागदांत कोळवण म्हणून ओळखला जाई. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींची वस्ती येथे पूर्वापार आहे. जव्हारला मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान होते. त्याची परंपरा इ. स. १३४३ पर्यंत मागे नेली जाते, आणि शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकीर्दीत, १९४८ साली, ते मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा मात्र इंग्रजी अमलाखालील ठाणे जिल्ह्यात होता. प्रथम तो शहापूर तालुक्याचा पेटा होता. १९३६ च्या आदेशाने मोखाडा पेटा 'अंशतः वगळलेल्या क्षेत्रां'च्या यादीत गेला. म्हणजे सर्वसाधारण कायदे तेथे लागू करताना गव्हर्नरला विशेष अधिकार होते. शेजारचे जव्हार या यादीत नव्हते, कारण ते संस्थान होते, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानाला आपोआप लागू होत नसत.

याचा अर्थ ध्यानात घ्या. एकाच जमातीची दोन गावे, एकच बोली, एकमेकांत सोयरिकी. परंतु मुलगी जव्हारच्या पाड्यातून मोखाड्याच्या पाड्यात नांदावयास गेली की ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती. तिला तेथून परत यावयाचे झाले तर कोणता कायदा लागू, हा प्रश्न वकिलाला पडला असता. तिला स्वतःला तो कधी पडला नसावा, कारण तिचा कायदा दोन्हीकडे एकच होता : जमातीचे पंच.

या पंचांपुढे होणाऱ्या विच्छेदाचे स्वरूप समजण्यासाठी आधी लग्नाचे स्वरूप पाहिले पाहिजे. येथे हुंड्याची उलटी रीत, म्हणजे मुलीच्या बापाला देज देण्याची. वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी. स्त्रीने गाणी गाऊन लावलेले ते लग्न. देज, पंचांचे मान, जेवण, ताडी-दारू या सगळ्यांचा खर्च मोठा. ज्याच्याजवळ तो नसे, तो घरजावई होऊन सासऱ्याकडे काही वर्षे राबे. किंवा नुसतेच दोघे एकत्र राहू लागत आणि लग्नाचा विधी पैसा जमेल तेव्हा, कित्येकदा मुले मोठी झाल्यावर, उरकत. के. जे. सावे यांनी वारल्यांवरील आपल्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात या जीवनाचे तपशीलवार वर्णन केले आहे.

तिसरा मार्ग सर्वांत भयंकर होता. लग्नासाठी जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून पैसे काढावयाचे आणि त्या बदल्यात त्याच्याकडे राबावयाचे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासी भागाची पाहणी करून जो अहवाल दिला, त्यात या लग्नगड्यांच्या गुलामीची नोंद आहे. १९४५ साली डहाणू-उंबरगावकडे वारल्यांचा जो उठाव झाला, त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आहे, आणि त्या उठावाच्या मुळाशी वेठ आणि लग्नगडीची पद्धत होती. नवरा राबे तो राबेच, त्याच्याबरोबर त्याच्या बायकोलाही राबावे लागे. वेठबिगारी नष्ट करणारा केंद्रीय कायदा आला तो १९७६ साली.

आता फारकत या शब्दाकडे पुन्हा पाहा. जेथे लग्न हेच कर्ज, तेथे लग्न मोडणे म्हणजे हिशेब चुकता करणे. बाई नवरा सोडून दुसऱ्याकडे गेली, तर पंच बसत आणि पहिल्या नवऱ्याने केलेला खर्च दुसऱ्याने किती भरून द्यावा, हे ठरवीत. दोषाची चर्चा होई, नाही असे नाही. परंतु निकाल लागे तो देण्याघेण्याच्या रूपाने. रक्कम चुकली, काडी मोडली, दोघे मोकळे. या व्यवस्थेला आपण शहरी माणसांनी भाबडेपणाने स्वर्ग समजू नये. पंच पुरुषच असत, बाईची किंमत रुपयांत होई, दंडाची दारू पंचच पीत. तरीसुद्धा एक गोष्ट नाकारता येणार नाही. ज्या काळात पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांतील स्त्रीला नवरा कसाही असला तरी त्याच्यापासून सुटण्याची वाटच नव्हती, त्या काळात कोळवणातील बाईला ती वाट होती.

मग या वाटेची नोंद कोठे आहे? पेशवाईच्या दप्तरात 'पाटदाम' या नावाची करबाब आढळते. स्त्रीने पाट लावला, म्हणजे दुसरे लग्न केले, की सरकारात रक्कम भरावयाची. इतिहासाच्या अभ्यासकाने एक सूत्र मनाशी धरावे : सरकारला जेथे पैसा मिळतो, तेथे नोंद होते. पाट सरकारच्या जमाखर्चात आला, कारण त्यावर कर होता. काडीमोड आली नाही, कारण तिच्यावर नव्हता.

इंग्रजी अंमल आल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात जातीजातींचे रिवाज गोळा करण्याचे काम आर्थर स्टील याने केले आणि त्याचा ग्रंथ १८२७ मध्ये निघाला. कोणत्या जातीत सोडचिठ्ठी चालते, कोणत्या जातीत पाट चालतो, हे त्यात आहे. परंतु तो ग्रंथ त्याच्या नावाप्रमाणेच दख्खनपुरता, घाटावरचा. सह्याद्रीच्या या बाजूचे कोळवण त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

पुढे न्यायालयांनी रिवाजाला चाळणी लावली. १८७६ च्या संभू रघू खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. आणि अशा परवानगीवर प्रामाणिकपणे विसंबून दुसरे लग्न केले, हा द्विभार्या-द्विपती गुन्ह्याच्या आरोपाला बचाव होत नाही. १९१५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक रिवाज नाकारला : जातीने ठरविलेली रक्कम भरून एका जोडीदाराने दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध लग्न मोडावयाचे, हे नीतीला आणि लोकहिताला धरून नाही. मात्र दोघांच्या संमतीने होणारी रूढीची काडीमोड न्यायालयांनी मान्य केली. ही चाळणी सर्वस्वी चूक होती असे म्हणता येत नाही. परंतु तिचा एक परिणाम झाला. पंचांचा निकाल पाड्यात पक्का राहिला आणि न्यायालयाच्या पायरीवर कच्चा ठरू लागला. एकाच बाईला पाड्यात एक नवरा आणि कचेरीत दुसरा, अशी अवस्था शक्य झाली.

याच सुमारास सरकारने या विषयात पैसाही शोधून काढला. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या परिशिष्टात 'घटस्फोट' ही स्वतंत्र बाब आहे. ज्या लेखाने कोणी आपला विवाह विच्छिन्न करतो, त्या लेखावर मुद्रांकशुल्क एक रुपया. येथून सोडचिठ्ठी साध्या कागदावरून शिक्क्याच्या कागदावर आली. आज गावोगावी 'स्टँपवर लिहून फारकत' घेण्याची जी चाल दिसते, तिचा उगम या एका रुपयात आहे. लोकांनी शिक्क्यालाच न्याय मानले. वास्तविक मुद्रांक हा कर आहे. तो भरला म्हणून लेखातील मजकूर कायदेशीर ठरत नाही.

हिंदूंना न्यायालयातून विवाहविच्छेद मिळवून देणारा कायदा बडोद्याच्या सयाजीरावांनी १९३१ साली आपल्या राज्यात केला. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला. त्याच्या आदल्या वर्षी द्विभार्या-प्रतिबंधक कायदा झाला होता. मोखाडा त्या प्रांतात होता, जव्हार नव्हते. विलीनीकरणाने पुढच्या वर्षी तीही रेघ पुसली. नंतर १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. आता सगळ्यांना एकच कायदा झाला, असे आपल्याला वाटते. येथेच आपल्या विषयाची कळ आहे.

या कायद्याच्या कलम २ चे दुसरे पोटकलम सांगते की, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतात, आणि तेथील बहुसंख्य लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे घटस्फोटाचा जो कायदा शहरातील वकील तोंडपाठ म्हणतो, तो या मुलखातील बहुसंख्यांचा नव्हेच. त्यांचा कायदा म्हणजे त्यांची रूढी. शिवाय कलम २९ ने इतर हिंदूंमध्येही जेथे रूढीने विच्छेदाचा हक्क आहे, तेथे तो राखून ठेवला आहे. कायद्याने रूढीचा मान राखला, हे खरे. पण रूढी लिहून ठेवण्याची सोय त्याने केली नाही. जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने होते. विवाहनोंदणीसाठी महाराष्ट्रात १९५३ चा आणि त्यानंतर १९९८ चा कायदा झाला. विवाहविच्छेदाचे मात्र सरकारी नोंदणीपुस्तकच नाही. ग्रामपंचायतीत, तलाठ्याच्या सज्जात किंवा तहसील कचेरीत जाऊन 'आमच्या काडीमोडीचा उतारा द्या' असे कोणी म्हणाला, तर तेथे तसा उतारा नाही.

मग घटस्फोटाचा कागद शोधावयाचा तर कोठे? पहिला प्रश्न सालाचा. १९४८ पूर्वीचे प्रकरण असेल, तर गाव संस्थानातले की ठाणे जिल्ह्यातले हे आधी ठरवावे. त्यावर दप्तर कोणाचे हे ठरते. मुंबईचे पुराभिलेखागार हे अशा शोधाचे स्वाभाविक ठिकाण. उच्च न्यायालयापर्यंत गेलेले निवडक खटले छापील निवाड्यांत सापडतात. दुसरा प्रश्न न्यायालयाचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला; त्यापूर्वी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. तेव्हा जुन्या प्रकरणाचा ठावठिकाणा ठाण्याकडेही विचारावा लागतो. न्यायालयाचा निकाल आणि हुकूमनामा हाच घटस्फोटाचा खरा दाखला. पक्षकाराने नकलेसाठी अर्ज केला की त्याची प्रमाणित प्रत मिळते. दावा-क्रमांक आणि साल माहीत असेल तर काम लवकर होते. नसेल तर पक्षकारांच्या नावावरून न्यायालयाच्या नोंदवहीत किंवा आता संगणकावर शोध घेता येतो. सर्व कागद सारखे टिकत नाहीत. निकालपत्राला जे आयुष्य असते, ते साक्षीपुराव्याच्या इतर कागदांना नसते. म्हणून नक्कल वेळेवर काढून ठेवावी, हे उत्तम. तिऱ्हाइताने मात्र हे कागद सहज मागू नयेत. वैवाहिक दाव्यांची सुनावणी बंद दरवाजाआड व्हावी आणि त्यांचा मजकूर प्रसिद्ध करू नये, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ सांगते. इतिहासाच्या संशोधकालाही ही लाज राखली पाहिजे. ज्यांचे संसार मोडले, त्यांची नातवंडे त्याच गावात राहत असतात.

तिसरा प्रश्न, आणि सर्वांत कठीण, तो काडीमोडीचा. जेथे कागदच झाला नाही, तेथे शोधावयाचे काय? येथे कायद्यानेच एक चमत्कारिक आणि सुंदर सोय केली आहे. रूढी आहे की नाही असा वाद आला, तर ती माहीत असण्याचा संभव असलेल्या माणसांचे मत पुराव्यात ग्राह्य धरावे, असे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. याचा अर्थ, पाड्यातील जाणता म्हातारा किंवा म्हातारी हेच दप्तर. त्यांची आठवण हा पुरावा. मात्र हे दप्तर दरवर्षी कमी होत असते, आणि त्याची प्रमाणित प्रत कोणी काढत नाही.

आता अर्ज करण्याविषयी थोडे. यात पहिली पायरी म्हणजे आपल्याला कोणता कायदा लागू, हे ठरविणे. अनुसूचित जमातीखेरीज इतर हिंदू पक्षकारांना १९५५ चा कायदा लागू. लग्नाला एक वर्ष होण्याआधी अर्ज सहसा दाखल होत नाही. क्रूरता, त्याग इत्यादी कारणांवर एकाला, किंवा १९७६ मध्ये घातलेल्या कलम १३-ब प्रमाणे दोघांना संमतीने, विच्छेद मागता येतो. संमतीच्या अर्जातील सहा महिन्यांची थांबणूक योग्य प्रसंगी न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. लग्न लागले तेथे, दोघे शेवटचे एकत्र राहिले तेथे, किंवा समोरचा पक्ष राहतो तेथे अर्ज करता येतो. २००३ पासून बायकोला ती स्वतः राहते त्या ठिकाणीही करता येतो. जेथे आगगाडी नाही आणि एस.टी. चुकली की दिवस बुडतो, अशा डोंगरी मुलखात ही शेवटची दुरुस्ती केवढी मोलाची आहे! या पक्षकारांनी नुसत्या स्टँपवर नोटरीपुढे लिहून घेतलेली फारकत, पाठीशी सिद्ध झालेली रूढी नसेल, तर विवाह तोडत नाही. अशा कागदावर विसंबून दुसरे लग्न करणारा संभू रघू खटल्यातल्याच खड्ड्यात पडतो. मुसलमान आणि ख्रिस्ती पक्षकारांचे कायदे निराळे आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

अनुसूचित जमातीच्या पक्षकारांचा मार्ग निराळा. त्यांनी रूढीने झालेला विच्छेद दिवाणी न्यायालयाकडून जाहीर करून घ्यावयाचा असतो. दाव्यात रूढी स्पष्ट मांडावी लागते, आणि साक्षीने सिद्धही करावी लागते : आमच्या जमातीत असे असे चालते, पंच असे बसतात, देण्याघेण्याचा निकाल असा लागतो, आमचा असा असा लागला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ आणि २००२ च्या दोन निवाड्यांत हेच बजावले. रूढी आहे असे नुसते म्हणून भागत नाही. ती मांडा आणि शाबीत करा. उलट बाजूने, २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हिंदू रीतीने लग्न केलेल्या आदिवासी जोडप्याला हिंदू विवाह कायद्याचे दार उघडे केले. म्हणजे हा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही, आणि चांगल्या वकिलाचा सल्ला येथे चैन नसून गरज आहे. तो सल्ला फुकट मिळण्याची तरतूद १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यात आहे. कोणतीही स्त्री आणि अनुसूचित जमातीची कोणतीही व्यक्ती, उत्पन्न किती हे न पाहता, विनामूल्य वकील मिळण्यास पात्र आहे. त्यासाठी तालुका विधिसेवा समितीकडे अर्ज करावयाचा. पोटगीचा अर्ज तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे होतो. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. आणि पुन्हा लग्न न केलेल्या घटस्फोटित स्त्रीलाही तो करता येतो.

कोणी विचारील, की ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्या कागदावाचून चालले, त्यांना आता कागद कशाला? उत्तर असे की, कागद त्यांनी मागितला नाही. तो त्यांच्याकडे मागितला जातो. समजा, मोखाड्याच्या एका पाड्यावरील बाईची वीस वर्षांपूर्वी काडीमोड झाली. पंच बसले, हिशेब झाला, ती माहेरी आली. पाड्याच्या दृष्टीने गोष्ट संपली. पण रेशनकार्डावर तिचे नाव अजून नवऱ्याच्या घरी. निराधार अनुदानाचा अर्ज करावयास गेली, तर कचेरी विचारते : घटस्फोटित का? दाखला आणा. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतही विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता असे रकाने आहेत. त्यांत काडी मोडलेली बाई कोठे बसावयाची?

सर्वांत गंभीर गोष्ट जमिनीची. २००६ च्या वनहक्क कायद्याने, अर्जदार विवाहित असेल तर पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावे संयुक्त व्हावा, असे ठरविले. शतकानुशतके जे रान त्यांनी कसले, त्यावर आदिवासी बाईचे नाव प्रथमच सरकारी कागदावर चढू लागले. हा कायदा फार थोर आहे. परंतु पट्टा ज्या दोघांच्या नावे आहे त्यांची पुढे काडीमोड झाली तर? नवी बायको घरात आहे आणि जुनीचे नाव पट्ट्यावर आहे. किंवा, पट्टा होण्याआधीच काडीमोड झालेली असून, ज्या जमिनीवर तिने घाम गाळला तिच्यावर तिचे नाव कधी आलेच नाही. पूर्वी पंच देजाच्या रुपयांचा हिशेब करीत. शेतीच्या पट्ट्याचा हिशेब करण्याची रूढी त्यांच्याजवळ नाही, कारण पट्टाच नव्हता. काडी मोडून रुपये फिटत होते, जमीन फिटत नाही. म्हणून आजच्या बाईला जुन्या फारकतीपेक्षा अधिक काही हवे आहे, आणि ते लिहिलेले हवे आहे.

यावर उपाय म्हणून रूढी मोडीत काढून सगळ्यांना न्यायालयात पाठवावे, असे सुचविणारे आहेत. मला तो मार्ग अर्धवट वाटतो. जेथे लग्नाचीच नोंद नाही आणि विधी मुलांच्या जन्मानंतर झाला आहे, तेथे घटस्फोटाच्या अर्जात 'विवाह दिनांक' या रकान्यात काय लिहावयाचे, येथपासूनच अडचण सुरू होते. उलट, पंचांवर सारे सोपवून स्वस्थ बसावे, हेही बरे नाही. जातपंचायतींच्या दंडांनी आणि बहिष्कारांनी किती घरे बुडाली, हे महाराष्ट्राने पाहिले, म्हणून तर सामाजिक बहिष्कार-प्रतिबंधक कायदा २०१६ साली करावा लागला.

मधली वाट कायद्यातच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि तंटे मिटविण्याच्या पारंपरिक पद्धती जपण्यास सक्षम मानले, आणि महाराष्ट्राचे त्याखालील नियम २०१४ मध्ये झाले. ग्रामसभेजवळ इतिवृत्ताची वही असते. त्या वहीत आपल्या जमातीची विवाहाची आणि विच्छेदाची रूढी एकदा लिहून ठेवली, आणि पुढे प्रत्येक काडीमोड, दोघांची संमती, मुलांची व्यवस्था, देण्याघेण्याचा व जमिनीचा निकाल यांसह, स्त्रियांच्या उपस्थितीत नोंदवून दोघांच्या सह्या किंवा अंगठे घेतले, तर ती नोंद म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा होणार नाही. परंतु न्यायालयात रूढी शाबीत करावयाची वेळ आली, तर तिच्याइतका भक्कम आधार दुसरा कोणता असणार? मोखाड्याच्या बाईला वीस वर्षांनी तालुक्याच्या गावी साक्षीदार शोधत फिरावे लागणार नाही.

आणि आपण शहरवासीयांनी काय करावे? इतिहासाची आवड असलेली माणसे आपल्यांत आहेत. सनदा, तहनामे, शिलालेख यांसाठी आपण घाट चढतो. जव्हारला राजवाडा पाहावयास जातोच. त्याच फेरीत, निमंत्रण असेल तेथे आणि लोकांची इच्छा असेल तर, एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याजवळ, आणि विशेषतः एखाद्या धवलेरीजवळ बसून तिच्या जमातीची लग्नाची आणि विच्छेदाची रीत तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावी, आणि त्या लिखाणाची एक प्रत त्या ग्रामसभेच्या स्वाधीन करावी. संशोधकाने नेलेली माहिती गावात परत आली पाहिजे. नाहीतर आपणही जुन्या सावकाराप्रमाणे घेऊनच गेलो, असे होईल.

सरकारला जेथे पैसा मिळाला तेथे नोंद झाली, हे सूत्र मी आरंभीच्या काळाविषयी सांगितले. स्वराज्यात ते बदलले पाहिजे. जेथे माणसाचा हक्क अडला आहे तेथे नोंद व्हावी, हे आपल्या काळाचे सूत्र असावे. कोळवणातील बाईला सुटण्याची वाट तिच्या पूर्वजांनी दिली होती. ती सुटली आहे, हे कचेरीला मान्य करावयास लावण्याचे काम मात्र अजून शिल्लक आहे, आणि त्याला लागणारी शाई फार महाग नाही.